डोंगराखालचं तळं

ताकात माशी दिसल्यावर माणूस जसं तोंड करतो, तसं तोंड मुकुंदराव शिऊरकर नवा कॅमेरा दिसला की करत. उस्मानपुऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वरच दोन खोल्यांचं घर. गल्लीतले लोक मुद्दाम दुकानात येऊन खिशातून नवा मोबाइल काढत.

"मुकुंदराव, याला पुढंही डोळा आहे अन् मागंही."

"मग अक्कल कुठं ठेवलीय? मध्ये जागाच उरली नसेल," असं म्हणून मुकुंदराव चष्मा पुसायला घेत.

घराणं शिऊरचं. आजोबा पूजा सांगत, वडील कचेरीत कारकून होते. या घरात फोटो धुण्याच्या औषधाच्या पाण्यात हात बुडवणारा मुकुंद पहिलाच. तो डार्करूममधून बाहेर आला की आई म्हणायची, "त्याला नैवेद्याला शिवू देऊ नका गं, हाताला त्या हायपोच्या औषधाचा वास येतो." तो वास पुढं तीसेक वर्षं बोटांना राहिला. रोल धुण्याचं काम बंद पडल्यावर वासही गेला, आणि जेवताना स्वतःची बोटं त्यांना दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली.

तरुणपणी ते कन्नडच्या आठवडी बाजाराला जात. एसटीच्या टपावर गुंडाळलेला पडदा असे. शहागंजातल्या एका पेंटरकडून तो करून घेतलेला होता. त्यावर निळं तळं, तळ्यात दोन हंस आणि मागं पांढरा बंगला. बाजारात जागा धरून दोन बांबू रोवायचे, दोरीनं पडदा ताणायचा आणि पुढं स्टूल ठेवायचं. डोंगरातून, घाटाखालून आलेली माणसं त्या तळ्यापुढं अंग चोरून बसत. "पडद्याला टेकू नका, रंग लागतो," मुकुंदराव ओरडत. "तळ्यात काय बघताय? रंगाचं आहे ते. इकडं बघा."

निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं हात फिरवून चेहरा साफ करायची कला त्यांना चांगली येत होती. पण त्यांच्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता. जे आठ दिवसांत जातं ते पुसायचं, जे जन्माला चिकटलंय ते ठेवायचं. पुटकुळी पुसायची, तीळ ठेवायचा. उन्हानं सोललेलं नाक साफ करायचं, देवीचे व्रण तसेच ठेवायचे. एकदा एका मुलीच्या बापानं स्थळाला पाठवायच्या फोटोतली हनुवटीवरची जन्मखूण काढायला सांगितली. मुकुंदराव म्हणाले, "काढतो. पण उद्या पोरगी सासरच्या उंबऱ्यावर उभी राहील, तेव्हा पेन्सिल घेऊन मी येऊ का मागं?" बाप चिडून गेला आणि दुसरीकडून फोटो काढून आला. त्या दिवसापासून मुकुंदरावांच्या तोंडी एक वाक्य बसलं, ते कायमचं. "माझ्या दुकानातून खोटा फोटो बाहेर जात नाही."

मग केयूरनं वाळूजची नोकरी सोडली आणि तो वडिलांच्या दुकानात आला. येताना कॉम्प्युटर घेऊन आला.

पोरगा वाईट नव्हता. कामाला वाघ होता, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, घर त्याच्यावर चालायला लागलं होतं. पण त्याच्या डब्यातून जे बाहेर पडायचं ते मुकुंदरावांना बघवत नसे. एक बटण दाबलं की चेहरा धुऊन निघायचा. सत्तरीची म्हातारी शाळकरी दिसायची. सगळ्यांचे चेहरे सारखेच, सोललेल्या उकडल्या बटाट्यासारखे. लग्नाच्या अल्बमात वैजापूरचं जोडपं बर्फाच्या डोंगरावर उभं असायचं. त्याला ना गारठा, ना अंगावर काटा. नवरदेवाच्या कपाळावर वैशाखातला घाम तेवढा चकाकत राहायचा. घामावर बटण दाबायचं केयूर विसरला होता. मुकुंदराव तो फोटो बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "यात एवढा घामच काय तो खरा."

पुढं उडता कॅमेरा आला. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाच्या कामावर केयूरनं तो मंगलाष्टकं चालू असताना मांडवात आणला. त्याच्या वाऱ्यानं अंतरपाट उडाला आणि मुहूर्ताआधीच नवरानवरीनं एकमेकांना बघून घेतलं. भटजी 'सावधान'च्या मध्येच थांबले. तिकडं मठ्ठ्याच्या पातेल्यावर धुळीची साय धरली. वऱ्हाडी मात्र माना वर करून, तोंडं उघडी टाकून त्या घोंघावणाऱ्या विंचवाला हात हलवत होते. मुकुंदराव न जेवता घरी आले.

त्यानंतर केयूरनं काठीच्या टोकावर बसवायचा एक गोळा आणला. तो म्हणे एकाच वेळी चारी दिशांना बघतो, वर आभाळ, खाली जमीन, सगळं. आणि काठी धरणारा माणूस फोटोतून आपोआप पुसला जातो.

"म्हणजे काढणारा कुठं उभा होता, काय बघत होता, ते कुणालाच कळायला नको," मुकुंदराव म्हणाले.

"बाबा, भारी टेक्नॉलॉजी आहे ती."

"चोरालाही हेच लागतं."

त्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून उलटी ठेवली, कॉम्प्युटरकडं पाठ करून. कधीमधी पासपोर्टचा फोटो काढायचा, जुनी फ्रेम चिकटवायची, एवढंच काम त्यांच्याकडं राहिलं. केयूरच्या डब्यातून काय छापून निघतं, भिंतीवर काय लागतं, याकडं त्यांनी बघणंच सोडून दिलं. बायको भानुमतीबाई म्हणायच्या, "अहो, लेकाचं काम आहे, एकदा नजर तरी टाका." ते म्हणायचे, "घाणीकडं बघत बसलं की घाण कमी होते का?"

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नव्हतं. गल्लीत टँकर शिरला की बायका घागरी घेऊन धावायच्या आणि धावता धावता कोण कुणाच्या पुढं घुसलं हे वर्षभर लक्षात ठेवायच्या. पण बांधकामं थांबली नव्हती. तालुक्यातली रानं कोरडी पडली तशी माणसं शहराकडं सरकत होती, आणि बीड बायपासच्या पलीकडं, शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जेसीबी पोचले होते.

तिथंच सर्जेरावांची जागा होती. सर्जेराव आधी मुरूम उपसायचे, मग टँकर चालवू लागले, मग बिल्डर झाले. त्यांच्या स्कीमचं नाव 'सरोवर'. जाहिरातीचं काम केयूरला मिळालं तेव्हा तो वडिलांना म्हणाला, "बाबा, डोंगराचा फोटो तुम्ही काढा. तुमच्यासारखा उजेड मला नाही धरता येत." मुकुंदराव विरघळले. थंडीतल्या एका पहाटे ते जुना कॅमेरा आणि शेवटच्या उरलेल्या रोलांपैकी एक घेऊन गेले. डोंगरावर कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. उघडा, तपकिरी डोंगर, पायथ्याला मुरमाचा खड्डा आणि चार बाभळी. जे होतं ते त्यांनी काढलं. रोल बाहेरून धुऊन आणायला केयूरच्या हातात दिला आणि पुन्हा खुर्चीत पाठमोरे बसले.

उन्हाळ्यात एका सकाळी दुकानात एक धनगर आला. डोक्याला मळका फेटा, खांद्यावर घोंगडी, भुवईच्या मधोमध जुन्या जखमेचा व्रण. त्यानं पायरीवर चपला काढल्या.

"फोटोवाले, वळखलं का?"

मुकुंदरावांनी चष्मा वर केला. ओळख पटेना.

"कन्नडच्या बाजारात मपला अन् कारभारनीचा जोडीचा फोटू काढला व्हता तुमी. नवं नवं लगीन झालेलं. तुमी म्हनले, हस. मी म्हनलं, बायकूपुढं कसं हसू?"

"मुंजाबा!" मुकुंदराव एकदम म्हणाले. "आणि ती तुम्हाला म्हणाली होती, हसा की, फुकट हाय."

"आजून तसंच बोलती." मुंजाबा मनापासून हसला.

तो आणि राजाबाई मेंढरं घेऊन कन्नडकडून गोदाकाठाला निघाले होते. कळप पैठण रोडला कांचनवाडीच्या पुढं एका मोकळ्या रानात थांबला होता. नातवाला आश्रमशाळेत घालायचं होतं, त्यासाठी मुंजाबाचा फोटो लागत होता. रस्त्यात चार दुकानं लागली, पण तो विचारत विचारत इथंच आला.

मुकुंदरावांना फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांत कुणी त्यांचंच नाव विचारत आलं नव्हतं. त्यांनी दिवा ओढला, स्टूल पुसलं. केयूर सकाळीच सर्जेरावांच्या जागेवर गेला होता. मुकुंदराव दिव्याची छत्री सरळ करत असताना मुंजाबा भिंतीवरचा एक मोठा रंगीत कागद न्याहाळत होता.

"ह्यो साताऱ्याचा डोंगर नव्हं?"

"बरोबर," मुकुंदराव मागं न बघता म्हणाले.

"तुमीच काढला?"

"मीच. पहाटे उठून काढला."

"समदं खरं हाय, का त्या पडद्यावानी रंगाचं?"

"पडदा केव्हाच फाटला, मुंजाबा. माझ्या दुकानातून खोटा फोटो बाहेर जात नाही."

मुंजाबा स्टुलावर येऊन बसला. तो स्वतःशीच हिशेब केल्यासारखा बोलत होता. "पाइपाचं पानी सोडलं आसंल मंग. पैशेवाल्याला काय आवघड हाय. मंग आज तिकडंच वळावं. कोकरं लई थकली, नदीपतूर टिकनार नायती..."

"मान सरळ. बोलू नका," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी पासपोर्टसाठी ठेवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

जाताना मुंजाबानं सांगितलं की फोटो संध्याकाळी नेतो, आता जवळच मुक्काम हाय. मुकुंदरावांनी मान डोलावली.

दुपारी भानुमतीबाई ताट झाकून घेऊन खाली आल्या. ताट ठेवायला जागा करता करता त्यांची नजर भिंतीकडं गेली.

"अगंबाई, साताऱ्याला तळं कधी झालं? आपण तर पाण्यासाठी मरतोय."

"कसलं तळं?"

"हे काय. बोटसुद्धा आहे."

मुकुंदराव उठले आणि खूप महिन्यांनी त्या भिंतीसमोर उभे राहिले. डोंगर त्यांचाच होता. त्यांचीच पहाट, त्यांचाच तिरपा उजेड. आणि त्याखाली, जिथं मुरमाचा खड्डा होता तिथं, काठोकाठ निळं पाणी. पाण्यात डोंगराची सावलीही पडली होती. काठावर हिरवळ, हिरवळीवर गोरी माणसं, आणि मधोमध पांढरी बोट. कागदाच्या अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती, ती चष्म्यातूनही लागेना.

 मुंजाबाचं बोलणं त्यांना एकेक शब्द करून आठवलं. कोकरं थकली. तिकडंच वळावं.

"भानू, मी त्याला खरं आहे म्हणून सांगितलं," ते म्हणाले.

"कुणाला?"

त्यांनी केयूरला फोन लावला. पलीकडून घोंघों आवाज येत होता.

"बाबा, काय सांगू, कुठूनतरी मेंढरंच मेंढरं आलीयत इथं! वरून काय दिसतंय! सर्जेराव खूश झालेत. शूट संपवून करतो फोन."

ताट तसंच राहिलं. मुकुंदरावांनी स्कूटर काढली.

बायपास ओलांडून ते कच्च्या रस्त्याला लागले तेव्हा धुळीचा लोट लांबूनच दिसला. खड्ड्याच्या काठावर कळप दाटीवाटीनं उभा होता, जिभा बाहेर, माना खाली. काही मेंढरं खड्ड्यात उतरून कोरडा मुरूम हुंगत होती. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड तसंच बांधलेलं होतं. एक म्हातारी मेंढी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी उभं असलेलं कोकरू तिला ढुसण्या देत होतं. आणि या सगळ्यावर, दोन पुरुष उंचीवर, केयूरच्या उडत्या कॅमेऱ्याची ती माशी घोंघावत होती. ती खाली आली की कळप एकीकडं धावायचा, वर गेली की थांबायचा. धाव संपायची तिथं पायाचे खोदलेले चर होते, आणि चरांत सळया उभ्या होत्या.

राजाबाई काठी घेऊन चरांच्या तोंडाशी उभी होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"आरं ए बाबा, उतरव ते! गाभनी हायती त्या!"

"एकच टेक, मावशी, एकच!" केयूर हातातल्या पडद्यावरून नजर न काढता ओरडला.

त्याच्या शेजारी सर्जेराव सावलीत खुर्ची टाकून बसले होते. "घे घे. खेड्याचा फील पाहिजेच होता आपल्याला. शहरातल्या पब्लिकला लई आवडतं."

राजाबाईनं कमरेची गोफण सोडली, दगड घातला आणि ती डोक्यावर गरागरा फिरवायला लागली. दगड तिनं सोडलाच नाही. पण केयूरनं घाईघाईनं ती माशी खाली उतरवून छातीशी धरली.

मुंजाबा कळपातून वाट काढत मुकुंदरावांपुढं आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. 

"मपल्या बापाच्या येळंला हितं पावसाळ्यात पानी साठायचं," तो म्हणाला. "म्हनून खरं वाटलं. अन् तुमी म्हनले, म्हनून वळलो. सरळ नदीला लागलो असतो तर निम्मी वाट सरली असती."

मुकुंदरावांनी खाली बघितलं. मी तो कागद पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ती काही सबब झाली नसती. स्वतःच्या दुकानाची भिंत न बघता त्यांनी तिची ग्वाही दिली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या फोटोवर नाक मुरडलं आणि सगळ्यात मोठं खोटं त्यांच्याच डोंगराखाली, त्यांच्याच तोंडून बाहेर पडलं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

मेंढरं आता पुढं चालणार नव्हती. तोंडाला पाणी लागलं तर वाचणार, नाहीतर नाही. एवढं त्यांनाही समजत होतं.

बांधलेल्या खांबांजवळ एक भरलेला टँकर उभा होता. मागच्या तोटीतून थेंब थेंब गळत होतं आणि त्याखालच्या ओल्या मातीला चार-पाच मेंढरांनी तोंडं लावली होती. वॉचमन कडुबा त्यांना हाकलत होता, पण हाकलताना त्याचा हात उठत नव्हता.

"सर्जेराव, तो टँकर सोडा."

"काका, ते बांधकामाचं पाणी आहे. कालच स्लॅब टाकलाय, पाणी नाही मारलं तर तडे जातील."

"तळं दाखवलंत, त्या तळ्याचं पाणी पाजा मग."

सर्जेराव हसले. "ते कल्पनाचित्र असतं हो. खाली लिहिलंय की बारीक अक्षरात."

"मेंढरांनी चष्मा नाही आणला."

"आणि फोटो तुमचाच आहे, काका. मी कुठं काढला?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच मुकुंदरावांना एरवी कधी न सुचलेली गोष्ट सुचली. कुणाला धमकी द्यायची त्यांना सवय नव्हती. 

"माझाच आहे. रविवारी तुमचं बुकिंग उघडतंय ना? रोल अजून माझ्या दुकानात आहे. खाटेएवढा फोटो करून आणतो, खड्ड्यासकट, बाभळींसकट. तुमच्या मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, हा माझा, आणि तो ह्यांचा."

"बाबा!" केयूर म्हणाला.

"तू गप."

सर्जेरावांचं हसू जरा लांबलं आणि मग मिटलं. त्यांनी कळपाकडं पाहिलं, मुकुंदरावांकडं पाहिलं. "कडुबा, सोड रे टँकर. म्हाताऱ्या माणसाच्या कुठं नादी लागायचं."

कडुबानं वाक्य पुरं व्हायच्या आत तोटी फिरवली होती. राजाबाईनं हाक मारून केयूरला कामाला पळवलं. बांधकामाची ताडपत्री त्यानंच ओढत आणून एका उथळ चरात अंथरली. पाणी त्यात पसरलं आणि मेंढरं एकमेकांच्या पाठीवर चढत त्यावर तुटून पडली. मुंजाबा आणि राजाबाई दोघंही कळपात शिरले आणि हावरी मेंढरं मागं ओढून कोकरांना पुढं सारू लागले. पाणी पिण्याचा तेवढा एक आवाज येत होता.

म्हातारी मेंढी उठली नाही. पोटाशी उभं असलेलं कोकरू राजाबाईनं उचलून पाण्याला लावलं. तेही प्यायलं नाही.

आणि मग सर्जेराव खुर्चीतून उठले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी तो लांब काठीला लावला, एक धडधाकट कोकरू काखेत घेतलं आणि पाणी पिणाऱ्या कळपापुढं उभे राहून हसले. लगेच तो फोटो त्यांनी केयूरला दाखवला. "हा जाहिरातीत टाक. लिही, 'सरोवर'नं भागवली मुक्या जनावरांची तहान."

मुकुंदरावांनी तो फोटो बघितला. आता कुठल्याच फोटोकडं पाठ करायची नाही, एवढं त्यांनी मघाशीच ठरवलं होतं. मोबाइलनं सर्जेरावांचा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत केला होता आणि काखेतल्या कोकराचंही तोंड गोरंपान करून टाकलं होतं. आडवी मेंढी चौकटीच्या बाहेर राहिली होती.

मुकुंदराव बाजूला जाऊन एका बाभळीशी ओणवे झाले. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. केयूर पाण्याची बाटली घेऊन मागं येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "नाही टाकणार तो."

"त्याला दुसरा कुणी मिळेल."

"मिळेल. मी नाही टाकणार."

घरी आल्यावर केयूर म्हणाला, "पण बाबा, तुमच्या पडद्यावरही तळंच होतं ना? हंस होते. बंगला होता."

भानुमतीबाईंनी दुपारचं ताट गरम करून पुढं ठेवलं, ते मुकुंदरावांनी नुसतं चिवडत ठेवलं. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि कॉम्प्युटरसमोर आणून ठेवली.

"मुंजाबाचा फोटो दाखव."

केयूरनं सकाळचा फोटो उघडला. गुळगुळीत, उजळ कातडीचा एक अनोळखी माणूस समोर आला. भुवईतला व्रण गायब होता.

"हे कुणी केलं?"

"कुणीच नाही. आपोआप होतं. तसं लावून ठेवलंय."

"काढ ते."

केयूरनं काढलं. मुंजाबा जसा होता तसा परत आला, उन्हानं करपलेला, एक डोळा किंचित बारीक. मुकुंदरावांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. ते उजेडाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दोघंही स्कूटरवरून पैठण रोडला गेले. कळप कांचनवाडीला परतून पुन्हा नदीच्या वाटेला लागायच्या तयारीत होता. मुंजाबानं फोटो हातात घेऊन बघितला, फेट्याच्या आत खोचला आणि म्हणाला, "ह्यो मीच हाय." मग त्यानं घोड्यावरच्या बोचक्यात हात घातला आणि एका पत्र्याच्या डबीतून जुना, कोपरे झिजलेला फोटो काढला. कन्नडचा बाजार. ताठ बसलेली दोन पोरसवदा माणसं, मागं तळं, दोन हंस. डाव्या बाजूला पडदा संपला होता आणि तिथं बांबू, सुटलेली दोरी आणि एका शेळीचं ढुंगण स्पष्ट दिसत होतं.

केयूरनं तो घेतला, नीट पाहिला आणि सवयीनं म्हणाला, "बाबा, हा बांबू कापून टाकायला पाहिजे होता."

"कापला असता. पडदाच तोकडा होता," मुकुंदराव म्हणाले. मुद्दाम ठेवला होता असं म्हणायचा मोह त्यांना झाला होता.

"तोकडा व्हता तेच ब्येस," राजाबाई म्हणाली. "कुनी तरी पोहायला गेलं असतं."

मुंजाबा खो खो हसला. मुकुंदरावांना हसता आलं नाही. मेलेल्या जनावरांबद्दल काही बोलावं म्हणून ते शब्द शोधत होते, पण राजाबाईनं त्यांना वेळ दिला नाही. ती पदर सारखा करत कळपाच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"फोटोवाले, आता कॅमेरा आनलाच हाय तर आमचा काढा. समद्या खांडव्याचा, मेंढरांसकट. नातवाला शाळंत बगायला व्हईल."

मुकुंदरावांनी गळ्यातला जुना कॅमेरा डोळ्याला लावला. रोलात किती फोटो उरलेत ते त्यांनी पाहिलंही नाही. केयूर त्यांच्या मागं हात बांधून उभा राहिला.

"अन् ऐका," राजाबाई बोट दाखवून म्हणाली. "मेंढरं हायती तेवढीच ठिवा. वाढवू नका. मेलेली घालू नका. अन् तळं तर आजिबात नगं."

"हसा," मुकुंदराव म्हणाले.

ती हसली नाही. त्यांनी तसाच काढला.